घरमालक घरी नाहीत

कुलपाला प्रश्न विचारता येत नाहीत, एवढं तरी पुण्यात बसून सर्वेक्षणं आखणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. पण गुरुप्रसाद सरांना ते कळत नव्हतं. वेदिका जेव्हा जेव्हा सांगायला जायची, तेव्हा ते शांतपणे एकच वाक्य ऐकवायचे, "नमुना बदलता येत नाही." त्यांचा तो शांतपणाच तिच्या डोक्यात जायचा.

वेदिका रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याची. समाजशास्त्रात एम.ए. झाल्यापासून सात वर्षं ती हेच करत आली होती. कुणाच्या तरी पडवीत बसायचं, टॅब मांडीवर घ्यायचा आणि विचारायचं, पाणी किती वेळ येतं, शौचालयाला दार आहे का, गॅस संपला की काय करता. लोक कुत्रं आवरायचे, चहा टाकायचे आणि सख्ख्या भावाला सांगणार नाहीत ते तिला सांगून टाकायचे. समोरचा नीट बसून ऐकतोय एवढं दिसलं की कोकणातला माणूस बोलतो, हा तिचा अनुभव होता. फक्त त्याला विचारावं लागतं.

यंदा जूनमध्ये पुण्याच्या 'लोकमापन' नावाच्या संस्थेने तिला रत्नागिरी भागाची पर्यवेक्षक नेमलं. काम चांगलं वाटलं म्हणून तिने घेतलं. मुंबईचा सागरदीप न्यास गेली तीन वर्षं आतल्या गावांतून फिरता दवाखाना चालवत होता. एक पांढरी गाडी, तिच्यात एक डॉक्टर, एक नर्स आणि औषधांचं कपाट. ठरलेल्या वारी ठरलेल्या गावात. आता न्यासाला ठरवायचं होतं की गाडी कुठल्या गावात ठेवायची आणि कुठून काढून दुसरीकडे न्यायची. त्यासाठी प्रत्येक गावातली तीस घरं निवडून त्यांना विचारायचं. शंभरातली पंचवीस घरं तरी गाडीचा उपयोग करत असतील तर ती राहणार, नाहीतर जाणार. हा नियम वेदिकाला पटलाही होता.

घोळ पुढेच होता. तीस घरं संगणकाने निवडली ती ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीवरून. घरपट्टी ज्याच्या नावावर तो घरमालक, घरमालक तोच कुटुंबप्रमुख, आणि कुटुंबप्रमुख तोच उत्तरदाता. बाकी कुणी दिलेलं उत्तर टॅब घेतच नसे. आता तिच्या भागातल्या करंबोळ्यासारख्या गावात घरमालक असतात कुठे? नालासोपाऱ्यात, विरारला, डोंबिवलीत. गावात असते ती त्यांची आई, एखादी विधवा काकू, नाहीतर गुडघे धरून बसलेले वडील, ज्यांनी घर केव्हाच पोराच्या नावावर करून दिलंय. हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते फक्त त्या नमुन्याला माहीत नव्हतं.

जुलैत तिने करंबोळ्याची पहिली फेरी केली. तीसपैकी अकरा घरांना कुलूप. सहा घरांत मालक भेटले, त्यांची उत्तरं भरली. उरलेल्या तेरा घरांत चूल पेटलेली होती, दोरीवर लुगडी वाळत होती, माणूस दारात उभं राहून "ये गो बाय, बस" म्हणत होतं, आणि वेदिकाला टॅबवर बोट ठेवून नोंद करावी लागत होती, 'घरमालक घरी नाहीत. मुलाखत झाली नाही.' तेराव्यांदा ते बटण दाबताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

तो मंगळवार, गाडीचा वार होता. त्याच दिवशी तिने गाडी पाहिली. देवळासमोरच्या पाराजवळ ती उभी होती आणि छत्र्या मिटून अडतीस माणसं रांगेत होती. अडतीस. तिने दोनदा मोजली. त्यातल्या निम्म्यांच्या दारात ती सकाळी जाऊन आली होती. नर्स होती नाटे गावची हमिदा, चाळिशीची, बोलायला फटकळ आणि हाताला हलकी. ती मालनकाकींचा डावा पाय मांडीवर घेऊन पट्टी बदलत होती.

"लावणीत उतरलात ना परत?" हमिदा म्हणाली.

"मग काय, भाताची दाढ सुकवू?"

"रोपांपेक्षा पाय जास्त आहेत का तुमच्याकडे? दोनच आहेत ना?"

मालनकाकी सहासष्ट वर्षांच्या, लहानखुऱ्या, काटक. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलता मुलगा स्वरूप मुंबईत लिफ्टच्या कंपनीत. तीन वर्षांपूर्वी ह्याच गाडीत त्यांना कळलं होतं की आपल्याला साखर आहे. पायाची जखम मे महिन्यापासूनची. पट्टी झाल्यावर हमिदाने वेदिकाला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून तीन-चार महिने दर आठवड्याला स्वच्छ पट्टी झाली तर पाय वाचेल. मध्ये खंड पडला तर बोटं जातील आणि मग कुठे थांबेल ते मी सांगू शकत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात जायचं तर दोन गाड्या बदलायच्या, वर तीन किलोमीटर चाल. ह्या पायाने त्या जाणार आहेत का?"

वेदिकाने मालनकाकींना गाठलं. त्यांचं घर यादीत होतं, सतरावं. संस्थेच्या पुस्तिकेत एक पळवाट होती. घरमालकाने फोनवर संमती दिली तर घरात राहणाऱ्या दुसऱ्या प्रौढ माणसाचं उत्तर चालत होतं. "काकी, स्वरूपचा नंबर द्या. दोन मिनिटांत संमती घेते आणि तुमचीच मुलाखत करते."

मालनकाकींनी पदर सावरला. "नको गो बाय. तो इचारील, कसला दवाखाना, कोनाला काय झालाय. माज्या पोराला ह्यातलं कायएक कळता नये."

"अहो, पण का?"

"तो तिकडं लिफ्टीत लटकत काम करतो. डोक्यात माजा पाय घेऊन चढल तर?" त्यांनी विषय तिथेच संपवला. पुढच्या चार घरांतही वेदिकाला हेच ऐकायला मिळालं. कुणाला रक्तदाब होता, कुणाला दम होता, आणि मुंबईतल्या एकाही पोराला त्याचा पत्ता नव्हता. आईबापांनी मिळून पाळलेलं ते एक गुपित होतं. सबंध गावाला ठाऊक होतं, फक्त ज्यांच्यासाठी पाळलं त्यांना नव्हतं.

संध्याकाळी तिने गुरुप्रसाद सरांना फोन लावला. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवूनच लावला.

"सर, गाडीपाशी अडतीस माणसं होती."

"ती स्वतःहून आलेली माणसं, वेदिका. दवाखान्याच्या दारात उभं राहून दवाखान्याबद्दल विचारलंत तर सगळेच हो म्हणणार. ते शास्त्रात बसत नाही."

"ते मला कळतं, सर. मी दारात विचारा म्हणतच नाही. घरीच विचारू या. फक्त जो बारा महिने त्या घरात राहतो त्याला विचारू या."

"आराखडा न्यासाने मंजूर केलाय. तो मधेच बदलला तर बाकीच्या गावांशी तुलना कशी करणार?" मग त्यांचा सूर खुलला. "आणि मी तोडगा काढलाय. गणपती! दीड महिना थांबा. गणपतीत सगळी घरं उघडतात, सगळे मालक घरी असतात. एका फेरीत शंभर टक्के प्रतिसाद. सांगा, कशी आहे कल्पना?"

वेदिकाला वाटलं फोन समोर वाहणाऱ्या पऱ्ह्यात फेकून द्यावा. गणपतीत! वर्षातले जे आठ-दहा दिवस गाव गावासारखं नसतंच, ते दिवस ह्या माणसाने गाव मोजायला निवडले होते. त्या आठवड्यात गाडीसुद्धा येत नाही, ड्रायव्हर दादू रजेवर असतो. घराघरात बारा-पंधरा माणसं, सगळी धडधाकट, सगळी आनंदात. त्यांना विचारायचं की तुम्ही मंगळवारचा दवाखाना वापरता का! हे सगळं तिने सरांना सांगितलं, शब्द निवडून, दोनदा. "तुमचं निरीक्षण मी टिपून ठेवतो," सर म्हणाले. टिपून ठेवलेल्या निरीक्षणांचं काय होतं ते तिला सात वर्षांत चांगलं कळलं होतं.

काम सोडून देता आलं असतं. पण सोडलं असतं तर त्या गावात दुसरं कुणी टॅब घेऊन गेलं असतं, ज्याला मालनकाकींचा पाय माहीतही नसता. म्हणून ती राहिली.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ती करंबोळ्यात पोहोचली तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. वाटेवर गाड्या, अंगणात खुर्च्या, कुठल्या तरी वाडीत भर सकाळी जाखडी नाचाची ढोलकी घुमत होती. सतराव्या घरी स्वरूप स्वतः दारात आला. पस्तिशीचा, हसतमुख, कपाळाला अष्टगंध. त्याने तिला देवासमोर नेलं, प्रसाद दिला, खुर्ची पुसून दिली. माणूस वाईट अजिबात नव्हता, आणि म्हणूनच पुढचं सगळं जास्त जिव्हारी लागलं.

"विचारा मॅडम. गावासाठी कुणी काही करतंय म्हटलं तर आपण तयार आहोत."

वेदिका वाचत गेली. घर पक्कं की कच्चं, माणसं किती, पाणी कुठलं. मग चौदावा प्रश्न आला. "गेल्या तीन महिन्यांत तुमच्या घरातल्या कोणी फिरत्या दवाखान्याचा उपयोग केला आहे का?"

"फिरता दवाखाना?" स्वरूप आठवू लागला. "आमच्याकडे कोण आजारी पडायला! आई तर ठणठणीत आहे. अजून लावणी करते, सांगा." आणि त्याने कौतुकाने मागे पाहिलं.

मालनकाकी स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातांनी उभ्या होत्या. लुगडं नेहमीपेक्षा खाली, पावलं झाकतील असं नेसलेलं. वेदिकाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला विचारायचं होतं, पण ओटीवर पोराची मित्रमंडळी बसलेली, समोर गणपती, आणि टॅबवरचं बोट थांबलेलं. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "काकी, बरोबर आहे ना हे?"

"व्हय गो. मना काय धाड भरलेय?" मालनकाकी म्हणाल्या आणि आत वळल्या.

वेदिकाने 'नाही' दाबलं. चौदाव्याला 'नाही' म्हटलं की टॅब पुढचे अकरा प्रश्न आपोआप गाळतो. कुठला आजार, औषध मिळतं का, गाडी बंद झाली तर कुठे जाल, सगळं गळून थेट 'आभारी आहोत' येतं. मुलाखत चार मिनिटांत संपली.

मालनकाकी तिला पायरीपर्यंत सोडायला आल्या, हातात मोदकांची पुडी. चालताना पाऊल जपून टाकत होत्या. वेदिकाने हळूच विचारलं, "पट्टी कुठेय?"

"काडून ठेवलंय. पोराला दिसली असती."

"काकी!" वेदिकाचा आवाज चिरला. "अहो, हे 'नाही, नाही' तिकडे मोजलं जाणार आहे. गाडी जाईल तुमची!"

"हळू बोल. पाच दिवसांसाठी येतो तो. तेवढ्यात ह्येच रडगानं लावू?" त्यांनी पुडी तिच्या पिशवीत कोंबली आणि त्या आत निघून गेल्या.

सगळ्या घरांत हेच झालं. जुलैत ज्या गोदाआजी पाराजवळ दम लागून बसलेल्या तिने पाहिल्या होत्या, त्या मुलगा उत्तरं देत असताना शेजारी बसून सुपारी कातरत होत्या. मुलगा म्हणाला, "आम्ही असल्या गाडीबिडीत जात नाही, आमचा फॅमिली डॉक्टर आहे ठाण्याला." आजींनी मान हलवली. कुलूपबंद अकरा घरंही उघडली होती, आणि वर्षातून दहा दिवस राहणाऱ्या त्या मालकांनी तर दवाखान्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. जुलैतली सहा धरून तीस घरं झाली. 'हो' म्हणणारी दोन.

आठवड्याने अहवालाचा मसुदा आला. करंबोळे, प्रतिसाद शंभर टक्के, सेवेचा वापर सात टक्के. शिफारस: ऑक्टोबरपासून गाडी अन्यत्र हलवावी. सोबत गुरुप्रसाद सरांचा निरोप होता, 'अप्रतिम काम! पूर्ण जिल्ह्यात सर्वोत्तम प्रतिसाद. पडताळणी पत्रकावर सही करून शुक्रवारपर्यंत पाठवा.' पडताळणी पत्रक म्हणजे पर्यवेक्षकाचा दाखला, की ही माहिती मी स्वतः तपासली असून ती खरी आहे.

खरी आहे! वेदिका तो शब्द बघत बसली. एकही उत्तर खोटं भरलेलं नव्हतं. ज्याने जे सांगितलं तेच तिने लिहिलं होतं. आणि तरी त्या कागदावर होतं ते सगळं धादांत खोटं होतं. सरांच्या जागी एखादा लबाड माणूस असता तर तिला बरं वाटलं असतं, त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. हे गृहस्थ मात्र नियमाने वागून, सगळ्यांचे आभार मानून, एका बाईचा पाय कापायला निघाले होते.

तिने फोन केला. "मी सही करणार नाही."

"भावनेच्या भरात बोलू नका."

"पुस्तिकेत पान नऊवर आहे, सर. घरमालकाने फोनवर संमती दिली तर घरातल्या दुसऱ्या प्रौढाचं उत्तर घेता येतं. शुक्रवारपर्यंत मला मुभा आहे."

पुस्तिका त्यांनीच लिहिलेली होती. "संमतीचा फोन ध्वनिमुद्रित लागेल," ते म्हणाले. "आणि दबाव आणलेला मला चालणार नाही."

मंगळवारी ती गाडीपाठोपाठच गावात शिरली. हमिदाने मालनकाकींचा पाय उघडला आणि लगेच डॉक्टरांना हाक मारली. जखम पसरली होती, कडा काळपट. पाच दिवस पट्टीशिवाय, वर सणाची धावपळ. डॉक्टर गाडीतून उतरून बघून गेले. गोळ्या बदलल्या.

पाराजवळ तेरापैकी दहा घरांची माणसं होती. वेदिकाने त्यांना सगळं उघड सांगितलं. सात टक्के म्हणजे काय ते सांगितलं, ऑक्टोबर सांगितला, आणि आता एकच वाट आहे हेही सांगितलं. प्रत्येकाने मुंबईला फोन लावायचा आणि पोराकडून एवढंच घ्यायचं की हो, माझ्या घराचं उत्तर माझ्या आईने द्यावं. "पण ते का, हे तो विचारणार. आणि तुम्हाला सांगावं लागणार. मी जबरदस्ती करत नाही. गाडी मात्र जाईल."

कुणी छत्रीच्या टोकाने माती उकरत राहिलं.

"तुजीच चूक हाय," मालनकाकी अचानक म्हणाल्या. पाय हमिदाच्या मांडीवर, डोळे वेदिकावर. "तू शिकलेली. जुलयात माज्या पायाची पट्टी बघितलीस. आन् गनपतीत येऊन कोनाला इचारलंस? त्याला. माजा पाय त्याला इचारलंस! आन् मना काय म्हनलीस, बरोबर हाय ना. चार मानसांत, देवाच्या म्होरं. कोनची आवस नाय म्हनल? माज्या तोंडानं माज्या पोराला खोटा पाडू?"

वेदिकाचा चेहरा तापला. तिला नियम सांगता आले असते, टॅब दाखवता आला असता. पण ते खरं होतं. सरांवर दोन महिने संतापलेली ती, स्वतः त्या खुर्चीत बसल्यावर तिनेही तेच केलं होतं. उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारला होता. "चुकलं माझं, काकी," ती म्हणाली. "खरंच चुकलं."

मालनकाकींनी थोडा वेळ तिला न्याहाळलं. मग कमरेची पिशवी सोडून फोन काढला आणि हमिदाला म्हणाल्या, "लाव गो शिस्टर. सोरूप."

फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"हां आये, बोल. कामावर आहे. बरी आहेस ना?"

मालनकाकी थांबल्या. रोज ह्या प्रश्नाला जे उत्तर जायचं ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं वेदिकाला दिसलं.

"नाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बरी नाय रे. साखर हाय मना. तीन वर्सं झाली. डाव्या पायाला जखम हाय, ती चिगळलेय. हितं दर मंगळवारी गाडी येते, तितं पट्टी करतंय. ती गाडी आता बंद करतायत, कारन तू सांगितलंस हितं कोन आजारीच नाय."

पलीकडे यंत्राचा आवाज येत होता. मग तो दूर गेला, बहुधा स्वरूप चालत कुठेतरी बाजूला आला. "तीन वर्षं?" त्याचा आवाज बदलला होता. "आणि मला सांगितलं नाहीस? गणपतीत मी समोर बसून... मॅडमना काय वाटलं असेल? मला मूर्ख बनवलंस तू आये!"

"रागव. रागवायचं तेवढं रागव."

"का नाही सांगितलंस पण?"

"तू इचारलंस कवा? फोन करतंस, बरी हायस ना म्हनतंस. त्याला जवाब एकच असतो. दुसरा दिला तर तुला सुट्टी काडावी लागल, म्हनून मी तोच देतंय. तुलाही तोच हवा असतो, बाबा. खोटं हाय काय?"

पलीकडे कुणीतरी हाक मारली, स्वरूपने 'थांब जरा' म्हणून त्याला परतवलं. मग त्याने विचारलं, "कुठल्या बोटापाशी आहे?" मालनकाकींनी सांगितलं. "दुखते?" दुखते, त्या म्हणाल्या, रात्री जास्त. "गोळ्या कुठल्या?" नाव त्यांना आलं नाही, हमिदाने सांगितलं. एकेक करून तो विचारत गेला आणि त्या सांगत गेल्या. टॅबने गाळलेले ते अकरा प्रश्न असेच होते.

"मॅडमना दे फोन," शेवटी तो म्हणाला. "मॅडम, फॉर्म उघडा. मी परत सगळं सांगतो. बरोबर लिहून घ्या."

"तुम्ही नाही," वेदिका म्हणाली. "तुम्ही फक्त संमती द्या. उत्तरं त्या देतील."

त्याने संमती दिली, ती मुद्रित झाली. वेदिकाने पारावरच टॅब उघडला, मालनकाकींच्या शेजारी बसली आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. नाव. वय. तिसरा प्रश्न होता, कुटुंबप्रमुख कोण. तिने तो वाचला आणि ह्या वेळी उत्तर सुचवलं नाही.

मालनकाकींनी जरा विचार केला. "पोराचं नाव लिवतात," त्या म्हणाल्या. "पर घरात रोज दिवा मीच लावतंय. दुसरा हाय कोन? मीच. लिव, मालन."

त्या दिवशी आणखी आठ फोन लागले. एका पोराने आईलाच झापलं, एक रडला, एकाने "बघतो" म्हणून फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी परत केला. गोदाआजींनी मात्र शेवटपर्यंत लावला नाही. "त्याची बायको तेला बोलत ऱ्हाते, गावाला जाऊन आजार आनशील म्हनून," त्या म्हणाल्या. "तिनं ह्ये ऐकलं तर तो येयाचाच बंद होईल." वेदिकाने त्यांना पुन्हा विचारलं नाही.

नऊ घरं आणि आधीची दोन मिळून अकरा झाली. तिसांत अकरा. करंबोळ्याची गाडी राहिली.

गुरुवारी सुधारलेला मसुदा आला. वेदिकाने आकडा तपासला, तो बरोबर होता. मग खालची टीप वाचली आणि तिचं डोकं पुन्हा भणाणलं. 'पहिल्या फेरीत ग्रामस्थांनी माहिती लपवल्यामुळे वापराचे प्रमाण कमी आढळले. त्यानंतर त्यात दुरुस्ती करण्यात आली.'

ग्रामस्थांनी लपवली! म्हणजे घरपट्टीच्या यादीचा दोष नाही, गणपतीचा मुहूर्त काढणाऱ्याचा नाही, पाय मालनचा आणि प्रश्न स्वरूपला विचारणाऱ्या तिचाही नाही. दोष त्या बायकांचा, ज्यांनी भर पारावर, चार माणसांत, आपल्या पोरांचा राग अंगावर घेतला. तिने सरांना फोन केला. वाक्य काढा, म्हणाली. ते म्हणाले, टीप तांत्रिक आहे, कुणी वाचत नाही, आणि पुढच्या प्रकल्पाबद्दल आपण नंतर बोलू. पुढच्या प्रकल्पात आपलं नाव नसणार हे तिला त्यांच्या सुरावरूनच कळलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

तिने पडताळणी पत्रकाचा कागद काढून घेतला. सहीच्या रेघेच्या वर बोटभर कोरी जागा होती. तिथे तिने पेनाने, कुणालाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं, 'करंबोळ्यात कोणीही माहिती लपवलेली नाही. ज्यांच्याकडे ती होती त्यांना आम्ही विचारलं नव्हतं. विचारणाऱ्यांत मी होते.' आणि खाली सही केली.